पाणी अडवलं, वाटायचं राहिलं

केज तालुक्यातल्या एका तरुण शिक्षिकेनं विचारलंय: "तुमच्या पिढीनं जमीन आणि नद्या राखण्यात उभी हयात घातली. तरी मांजरेला मिळणारी आमच्या गावची नदी संक्रांतीच्या आधीच कोरडी पडते. मग त्या कामातून उरलं काय? आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?"

ताई, प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देते. पाणी अडवायचं कसं, हे मराठवाड्याला आता चांगलं येतं. अडवलेलं पाणी गावात वाटून कसं घ्यायचं आणि त्यातलं नदीसाठी किती राखायचं, हे मात्र मोजक्या गावांपलीकडे रुजलं नाही. तुमची नदी लवकर आटते त्याचं मूळ मला इथं दिसतं. आता जरा मागून सांगते, म्हणजे माझं म्हणणं नीट लक्षात येईल.

आमच्यातल्या बहुतेकांची सुरुवात १९७२ च्या दुष्काळातली. त्या वर्षी घरात दाणा नव्हता, हाताला काम नव्हतं. विहिरींना मात्र बऱ्याच गावांत पाणी होतं. बायका खडी फोडायच्या, माणसं पाझर तलावांवर माती टाकायची. त्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. गावोगाव तलाव आणि नालाबांध उभे राहिले. पण त्या कामांमागची पहिली निकड मजुरीची होती, त्यामुळे बांध कुठं घालायचा हे बऱ्याचदा मजूर कुठं जमतील यावर ठरायचं. डोंगरमाथा उघडाच राहायचा आणि पायथ्याला तलाव. काही पावसाळ्यांत तलाव गाळानं भरून जायचा. ते गाळानं भरलेले तलाव पाहूनच 'माथा ते पायथा', म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर काम आणि मग खाली उतरत यायचं, हे शब्द आमच्या तोंडी बसले.

मराठवाड्यात हे शब्द जमिनीवर उतरवणाऱ्यांत विजयअण्णा बोराडे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. आधी औरंगाबादजवळचं आडगाव, मग नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून जालना तालुक्यातलं कडवंची. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र मागे उभं होतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवायची वेळ आली, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. लोक तिथं जाऊन शेततळी बघून येतात आणि गावात आल्यावर शेततळ्याचाच अर्ज करतात. कडवंचीत शेततळ्यांच्या आधी वरच्या बरड जमिनीवर चर आणि सगळ्या शिवारात बांधबंदिस्ती झाली होती. ती न करता, विहिरीतलं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात भरलं, तर भूगर्भातलं पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखं होतं. असली शेततळी मी बरीच पाहिली आहेत आणि त्यांना जलसंधारण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

माथ्यावरचं काम तुम्ही जवळून पाहिलं नसेल तर एकदा पाहाच. उताराला आडवी, एका पातळीतली रेघ फक्कीनं आखतात. पातळी धरायला ए आकाराची लाकडी चौकट आणि मधोमध लोंबणारा ओळंबा एवढं पुरतं. त्या रेघेवर दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चर खणायचा, माती खालच्या अंगाला लावायची आणि त्या मातीवर गवताचं बी टाकायचं. पातळी चार बोटं जरी चुकली तरी पाणी एका टोकाला धावतं, चर तिथं फुटतो आणि पुढच्या वर्षी त्या जागी घळ दिसते. काम नीट झालं असेल तर पहिल्या वर्षी कुसळीच येते. चराई बंद राहिली की हळूहळू मारवेल, पवन्या उगवायला लागतात, पाठोपाठ बोर, हिवर आणि बालाघाटावरचं सीताफळ. रोपवन म्हणून सरसकट गिरिपुष्प लावणं मला पटत नाही. डोंगर लांबून हिरवा दिसतो, पण तिथं शेळी सहसा तोंड लावत नाही आणि पाखरूही फारसं बसत नाही.

एवढं जमलेल्या गावांतही पुढं नद्या आटल्या. कारण पायाखाली आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, थरावर थर. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठं मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा दगड, कुठं घट्ट काळा दगड. पाणी साठतं ते मुख्यतः मुरुमात आणि मांजऱ्याच्या सच्छिद्र थरात. हा साठा उथळ असतो. आपल्या जुन्या विहिरी चार-सहा परस (एक परस म्हणजे पुरुषभर उंची) खोल होत्या, त्या याच साठ्यावर. पावसाळा संपल्यावर नदी वाहत राहते तीही याच्याच जोरावर, कारण साठ्याची पातळी पात्राच्या वर असली की काठातून उपळ फुटतात. पात्राखाली गेली की ते बंद होतात आणि नदी थांबते. वर कितीही बंधारे बांधा, हा नियम बदलत नाही.

आता यात बोअर आला. बोअर वरचा साठा ओलांडून खालच्या भेगांतलं पाणी ओढतो, जे मुरायला फार काळ लागलेला असतो. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, नीट नसेल तर वरच्या मुरुमातलं पाणीही त्याच भोकातून खाली निघून जातं आणि शेजारची विहीर कोरडी पडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरच्या खाली विहीर घ्यायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तुमच्या गावात शेवटचा बोअर किती फुटांवर लागला, हे विचारा म्हणजे कायदा आणि शिवार यांतलं अंतर कळेल.

नाला खोलीकरणाचंही तसंच. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आलं, सोबत पोकलेन आले आणि जिकडेतिकडे नाले खोल-रुंद व्हायला लागले. साठलेला गाळ काढणं हे चांगलं काम, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण गाळ संपल्यावर मुरूम आणि मुरुमाखालचा दगडही फोडला, तर दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं. खड्डा भरलेला दिसतो, फोटो छान येतो, आणि फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात. यंत्र कुठं थांबवायचं हे भूजलाच्या जाणकारानं जागेवर उभं राहून सांगायचं असतं, डिझेल किती उरलंय यावर ते ठरू नये.

आता मूळ मुद्दा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, तेव्हा एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर, म्हणजे अडीच हजार घनमीटर पाणी यायचं. आता पाटानं भिजवलेल्या उसाचा हिशोब करा. पावसाचं वजा करूनही त्याला हेक्टरी १५ ते २० हजार घनमीटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे एका हेक्टरला तसल्या सहा ते आठ गाड्या. आणि मांजरेच्या दोन्ही काठांना ऊस किती आहे, हे तुम्ही रोज शाळेत जाता-येता पाहताच.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, हे स्पष्ट सांगते. सोयाबीन काढणीला येतं आणि परतीचा पाऊस ते नासवतो. तुरीचा भाव सरकार आयात कधी करेल यावर हलतो. ऊस गारपिटीत तगतो, कारखाना तो नेतो आणि त्याचा दर कायद्यानं बांधलेला आहे. अशी खात्री दुसऱ्या कुठल्या पिकाला दिली आहे? करडई, जवस, रब्बी ज्वारी ही आपल्या काळ्या जमिनीची पिकं, ओलीवर निघणारी. त्यांची खरेदी भरवशानं झाली असती तर मांजरेचं आजचं रूप वेगळं असतं. नदीच्या कामात बाजारभावाचं बोलणं कशाला, असं काहीजण मला म्हणतात. पण नदीतलं पाणी कुठल्या पिकाकडे जायचं ते बाजारच ठरवतो, त्यामुळे ते बोलणं टाळता येत नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरच्या डोंगरपट्ट्यात आहे. तिथल्या हलक्या जमिनीची माती वाहून गेली आणि दिवाळी सरली की घरं कुलूप लावून कोयता घेऊन निघतात. एका बाजूला ऊस पाणी पितो, दुसऱ्या बाजूला पाणी नसलेली माणसं तोच ऊस तोडायला जातात. जमीन धुपणं म्हणजे काय, हे मला या कुलपांनी जितकं शिकवलं तितकं कुठल्या अहवालानं शिकवलं नाही.

वाटपाचा सगळ्यात स्वच्छ विचार आपल्याकडे विलासराव साळुंखे यांनी मांडला, तोही १९७२ च्याच दुष्काळातून. पुरंदरमधल्या नायगावच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क घरातल्या माणसांवर धरला, जमिनीच्या एकरांवर धरला नाही. भूमिहीनालाही वाटा होता. ऊस घ्यायचा नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. मराठवाड्यात हा विचार सांगत आम्ही पुष्कळ फिरलो. ऐकताना माना डोलायच्या आणि "विहीर माझी तर पाणीही माझंच" या एका वाक्यावर बैठक संपायची. जिथं ते वाक्य मागे पडलं तिथं काम टिकलं. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात बायकांनी मिळून ठरवलं, की पिण्याच्या विहिरीच्या आसपास नवा बोअर होऊ द्यायचा नाही. बोअरची गाडी आली तेव्हा त्या वाटेवर बसून राहिल्या. त्या गावाला नंतरच्या कोरड्या वर्षीही टँकर लागला नाही. तिथं बंधारे इतर गावांएवढेच होते.

हीच गोष्ट मोठ्या मापावर गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, शंभरावर गावं गेली. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. पण वरच्या अंगाला नाशिक-नगरमध्ये धरणं होत गेली आणि जायकवाडी तुटीच्या वर्षी भरेनासं झालं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं मराठवाड्याच्या अनुशेषाची, पाण्याच्या हक्काची बाजू वर्षानुवर्षं लावून धरली. औरंगाबादेत राहणाऱ्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगानं १९९९ मध्ये उपखोरं, म्हणजे मोठ्या नदीच्या खोऱ्याचा एकेक भाग, हाच नियोजनाचा घटक धरला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. मग वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं याचा अभ्यास करणारी मेंढेगिरी समिती, २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश, २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र इतक्या पायऱ्या चढून आलंय. त्या लढ्याचा मला अभिमान आहे, आणि हे सूत्र ढिलं करायचा कुणी प्रयत्न केला तर मी आजही रस्त्यावर येईन.

म्हणूनच पुढचं बोलायचा मला अधिकार वाटतो. वरच्यांना समन्यायी वाटप मागणारे आपण आपल्या चारीवर काय करतो? आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की मुखाजवळचा शेतकरी रात्रंदिवस मोटर चालवतो आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाण्याचं दर्शन होत नाही. पाणी वापर संस्था कागदावर आहेत. टेलपासून पाणी द्यायला सुरुवात करायची, हा साधा नियम पाळणारी संस्था मला कुठं भेटली, तर मी तिथल्या पाटकऱ्याचा हात हातात घेऊन बसते.

वाळूविषयी थोडं. सिंदफणेच्या पात्रात उन्हाळ्यात बायका हातानं वाळू उकरून झिरा करायच्या. तळाशी पाणी जमायचं, गढूळ पाणी दोन-तीनदा वाटीनं बाहेर टाकलं की मग नितळ पाणी यायचं. हंडा भरायला वेळ लागायचा पण ते पाणी गोड. वाळूचा थर पावसाळ्याचं पाणी उन्हापासून झाकून ठेवतो आणि काठच्या विहिरींना सावकाश देतो. आता मैलोनमैल पात्रात वाळू नाही. खाली खडक किंवा चिकण उघडं पडलंय आणि त्यात वेडी बाभूळ माजलीय. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं वाळूसारख्या गौण खनिजाच्या लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली, तरी रात्री वाळू नेणारे हायवा ट्रक थांबलेले नाहीत. ताई, एक कळकळीची सूचना: रात्री एकट्यानं गाडी अडवायला जाऊ नका. विषय ग्रामसभेपुढं आणा, ठराव लिहून घ्या, तहसीलदारांकडून पोच घ्या. गाव एकत्र उभं असेल तर ते काम होतं, एकटा माणूस त्यात भरडला जातो.

गायरानाचा विषय निघणारच आहे, कारण माथ्यावरची जमीन बहुधा तीच असते. तिथं वर्षानुवर्षं कसणारी भूमिहीन, दलित कुटुंबं असतील. मराठवाड्यात त्या जमिनीमागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंतचा मोठा संघर्ष आहे. झाडं लावण्याच्या नावाखाली त्यांना हुसकावायचा घाट कुणी घातला तर त्या कामात सामील होऊ नका. त्यांच्या पट्ट्यावर आधी बांधबंदिस्ती करा, उरलेल्या उतारावर चर आणि गवत, आणि गवत कापायचा पहिला हक्क त्यांचा. निसर्ग राखायचा म्हणून गरिबाची भाकरी काढून घेणाऱ्या कामाला मी पर्यावरणाचं काम मानत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात आपण उलटं टोकही पाहिलं. सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या एकदम फुगल्या. परांडा-भूमकडे शेतात फक्त मुरूम उरलेला लोकांनी दाखवला. वीतभर काळी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती एका रात्रीत गेली. इतका पाऊस कोणतेही चर आणि बांध पूर्ण झेलू शकत नाहीत, हे मान्य करायला हवं. पण जिथं ओढ्याची हद्द नांगरून शेतात घेतली होती, तिथं पाण्यानं आपली वाट परत घेतली आणि शेजारचंही नेलं.

आता सुरुवातीचं. झाडं आणि बंधारे तूर्त बाजूला ठेवा आणि पहिलं वर्ष मोजण्यात घालवा. गावाच्या शिवारातल्या वीसेक विहिरी निवडा: माथ्यावरच्या, मधल्या, नदीकाठच्या. दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला पाण्याची खोली मोजा. हे काम तुमच्या सातवी-आठवीतल्या मुलांकडून करून घ्या, ती मोठ्यांपेक्षा नेमानं करतात. फक्त कठडा नसलेल्या विहिरीवर त्यांना पाठवू नका. शाळेत पर्जन्यमापक बसवा. आकडे मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, सगळ्यांना दिसतील असे.

मग दसऱ्यानंतर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडा. हिशोब सोपा आहे: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. शिवार हजार हेक्टरांचं आणि पाऊस ७०० मिलिमीटर असेल तर ७० लाख घनमीटर. आपल्या दगडात त्यातलं दहा टक्क्यांच्या आसपास मुरतं असं धरा, म्हणजे सात लाख. हे सगळं पाणी ३५ ते ४७ हेक्टर उसात संपतं आणि प्यायला, जनावरांना, नदीला काही उरत नाही. हा आकडा फळ्यावर पहिल्यांदा लिहिला जातो तेव्हा सभेत जो गोंधळ होतो तो होऊ द्या. त्या गोंधळातून आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, मग नदीकाठच्या विहिरी अमुक पातळीच्या खाली न्यायच्या नाहीत, आणि उरलेल्यात पिकं, असा क्रम गावाकडून वदवून घ्या. उपसा कमी करायला तयार होणारे पहिले चार शेतकरी मोठे जमीनदार असतील असं पाहा; लहान शेतकऱ्यानं आधी सोडावं, अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

दरम्यान भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा आणि नदीच्या हद्दीच्या मोजणीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव करून अर्ज द्या. मोजणीला वेळ लागतो, विरोधही होईल, म्हणून अर्ज याच वर्षी जाऊ द्या. पहिला ताळेबंद मांडाल तेव्हा मला कळवा. मी येते, भूजलाचे जाणकार मित्रही सोबत आणते. सभा मात्र रब्बीच्या पेऱ्याआधी घ्या. एकदा बेणं जमिनीत गेलं की त्या वर्षीचं पाणी वाटून झालेलं असतं.